गुन्हेगाराला बंदुकीच्या बॅकग्राउंड चेकमधून सूट आहे का?

मला विचारलेले प्रश्न दोन आहेत आणि ते एकमेकांत गुंतलेले आहेत. पहिला असा: अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1968 साली म्हणे निकाल दिला की गुन्हेगाराला त्याच्याकडच्या बंदुकीची नोंदणी करायला भाग पाडता येत नाही, कारण तसे करणे म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणे. हे खरे असेल, तर बंदूक विकत घेताना 'तुम्हाला गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली आहे का' असे सरळ विचारणारा बॅकग्राउंड चेक त्याला कसा लागू होतो? की तो जाच फक्त सरळमार्गी माणसालाच आहे? दुसरा प्रश्न विचारणाऱ्याच्या घरचा: न्यू जर्सीत राहणारे, ग्रीन कार्डवाले मेहुणे घरासाठी पिस्तूल घ्यायच्या विचारात आहेत. ते अधूनमधून गांजा ओढतात, त्या राज्यात त्याला परवानगी आहे. बंदूक खरेदीच्या फॉर्मवर तसा प्रश्न असतो, तिथे काय लिहायचे? की बहिणीने स्वतःच्या नावावर घ्यायचे?

उत्तरे आधी सांगते. गुन्हेगाराला बॅकग्राउंड चेकमधून कसलीही सूट नाही. 1968 चा निकाल खरा आहे, पण तो वेगळ्याच कायद्यावर होता, आणि त्या कायद्यातला दोष अमेरिकी काँग्रेसने त्याच वर्षी दूर केला. मेहुण्यांसाठी उत्तर त्याहून सोपे: त्यांनी तो फॉर्म भरायलाच घेऊ नये. मी फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कोर्टात आरोपींच्या बाजूने उभी राहते, आणि या फॉर्मवरच्या एका खुणेपायी माणसे कशी अडकतात ते जवळून पाहिले आहे. म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

1968 चा तो निकाल म्हणजे हेन्स विरुद्ध अमेरिका. त्यामागचा कायदा 1934 चा, नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्ट. दारूबंदीच्या काळातल्या टोळीयुद्धांनंतर तो आला आणि त्याने ठरावीक हत्यारांवर कर आणि नोंदणी लादली: मशीनगन, नळी कापून आखूड केलेल्या शॉटगन आणि रायफली, सायलेन्सर. साधे पिस्तूल, रिव्हॉल्व्हर किंवा शिकारीची रायफल या कायद्यात येत नाही, तेव्हाही येत नव्हती. हत्यार बनवणाऱ्याने, आयात करणाऱ्याने, दुसऱ्याला देणाऱ्याने सरकारला कळवायचे आणि 200 डॉलर कर भरायचा, अशी रचना होती. इथपर्यंत घटनेची अडचण नव्हती.

अडचण होती ती पुढच्या एका कलमात. ज्याच्याकडे असे हत्यार आहे त्याने त्याची नोंदणी करावी, मात्र ज्याने ते कायद्याप्रमाणे मिळवले आहे त्याला ती करण्याची गरज नाही, असे ते कलम सांगत होते. मग नोंदणी करायला उरले कोण? ज्यांनी ते हत्यार कायदा डावलून मिळवले होते, तेच. म्हणजे सरकार त्या माणसाला सांगत होते की तू गुन्हा केला आहेस हे आम्हाला लेखी कळव, आणि कळवले नाहीस तर न कळवल्याबद्दल शिक्षा भोग. माइल्स एडवर्ड हेन्स याच्यावर नोंद नसलेली आखूड नळीची शॉटगन बाळगल्याचा आरोप होता. 29 जानेवारी 1968 रोजी न्यायालयाने सात विरुद्ध एक अशा मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. निकालपत्र न्यायमूर्ती हार्लन यांचे, विरोधी मत सरन्यायाधीश वॉरन यांचे. त्याच दिवशी मार्केटी आणि ग्रोसो या दोन खटल्यांत बेकायदा सट्टेबाजांनी भरायच्या कराबद्दलही हार्लन यांनीच याच तत्त्वावर निकाल दिला. पुढच्या वर्षी टिमोथी लिअरी यांच्या खटल्यात गांजावरच्या कराचा कायदाही याच कारणाने अडला. या सगळ्या खटल्यांत धागा एकच आहे: ज्या गटावर मुळातच गुन्ह्याचा संशय आहे, नेमक्या त्याच गटाला उद्देशून सरकार माहिती मागते, आणि ती देणे म्हणजेच कबुलीजबाब ठरतो.

हा निकाल मला मनापासून पटतो. पाचवी घटनादुरुस्ती 1791 पासून सांगते की कोणालाही फौजदारी प्रकरणात स्वतःविरुद्ध साक्षीदार व्हायला भाग पाडता येणार नाही. हेन्ससमोर खरोखर सुटकेची वाट नव्हती. कळवले तर गुन्ह्याची कबुली, नाही कळवले तरी गुन्हा, खोटे कळवले तर तिसरा गुन्हा. अशी तिन्ही बाजूंनी कोंडी करणारे कलम टिकायलाच नको होते.

पण न्यायालयाने काय सांगितले नाही, तेही तितकेच महत्त्वाचे आहे. गुन्हेगाराला बंदूक बाळगता येते असे ते म्हणाले नाही. नोंदणी हीच घटनाबाह्य आहे असेही म्हणाले नाही. ज्याने स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क योग्य रीतीने मागितला, त्याला नोंदणी न केल्याबद्दल किंवा नोंद नसलेले हत्यार बाळगल्याबद्दल या कलमांखाली शिक्षा करता येणार नाही, एवढेच म्हणाले. सरकारने सुचवले होते की नोंदणीतून मिळालेली माहिती त्या माणसाविरुद्ध वापरायची नाही, असे बंधन न्यायालयानेच घालावे आणि कायदा वाचवावा. न्यायालयाने ते नाकारले आणि तो निर्णय काँग्रेसवर सोडला.

काँग्रेसने वेळ लावला नाही. ऑक्टोबर 1968 मध्ये गन कंट्रोल अ‍ॅक्ट आला आणि त्यात 1934 चा कायदा नव्याने लिहिला गेला. आता नोंदणीची जबाबदारी बनवणाऱ्यावर, आयात करणाऱ्यावर आणि देणाऱ्यावर. घेणाऱ्याने फोटो आणि बोटांचे ठसे द्यायचे, पण परवानगी मिळाल्याशिवाय हत्यार हातात पडतच नाही, म्हणजे कबूल करण्यासारखा गुन्हा अजून घडलेलाच नसतो. शिवाय एक संरक्षण स्पष्ट शब्दांत घातले: नोंदणीसाठी किंवा अर्जासाठी दिलेली माहिती, आधी घडलेल्या किंवा त्याच वेळी घडणाऱ्या गुन्ह्याच्या खटल्यात त्या माणसाविरुद्ध ना थेट वापरता येईल ना आडमार्गाने. खोटी माहिती दिली तर मात्र हे संरक्षण नाही. ज्यांच्याकडे आधीपासून नोंद नसलेली हत्यारे होती, त्यांच्यासाठी 2 नोव्हेंबर ते 1 डिसेंबर 1968 अशी महिनाभराची माफीची मुदतही दिली.

ही नवी रचना 1971 साली अमेरिका विरुद्ध फ्रीड या खटल्यात तपासली गेली. आरोप नोंद नसलेले हातबॉम्ब बाळगल्याचा होता. न्यायमूर्ती डग्लस यांनी निकाल लिहिला आणि कायदा टिकला. आज दिलेली माहिती उद्या मी एखादा गुन्हा केला तर अडचणीची ठरेल, हा युक्तिवाद न्यायालयाने मान्य केला नाही. पाचवी दुरुस्ती घडलेल्या आणि घडत असलेल्या गुन्ह्यांसाठी आहे, पुढे कदाचित करायच्या गुन्ह्यांसाठी नाही.

तेव्हा 'गुन्हेगाराला नोंदणी करावी लागत नाही' हे वाक्य ज्या कायद्याबद्दल खरे होते, तो कायदाच 1968 च्या अखेरीपासून त्या रूपात उरलेला नाही. हेन्समधले तत्त्व मात्र जिवंत आहे. उद्या एखाद्या राज्याने फक्त बेकायदा बंदूक बाळगणाऱ्यांनाच नोंदणी करा म्हटले आणि त्यांना कसले संरक्षण दिले नाही, तर तो निकाल पुन्हा आडवा येईल. पण तेव्हाही सुटका होईल ती नोंदणी न केल्याच्या आरोपातून. शिक्षा झालेल्या माणसाने बंदूक बाळगणे हा वेगळा गुन्हा आहे, त्याला कमाल शिक्षा 2022 पासून 15 वर्षे आहे, आणि त्याला हेन्सचा धक्काही लागलेला नाही. हे दोन आरोप लोक एकच समजतात आणि मग 'गुन्हेगार सुटतो, सज्जन अडकतो' अशी गोष्ट तयार होते. माझ्या पक्षकारांपैकी कोणीही या गोष्टीच्या बळावर सुटलेला नाही.

आता बॅकग्राउंड चेककडे येते. 1993 च्या ब्रेडी कायद्याने तो आणला आणि 30 नोव्हेंबर 1998 पासून एफबीआयची निक्स नावाची यंत्रणा सुरू झाली. तिचे केंद्र वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला आहे. काही राज्यांत ही तपासणी राज्य सरकारच करते, न्यू जर्सी त्यांपैकीच. परवानाधारक विक्रेता ग्राहकाची माहिती कळवतो आणि तिकडून तीनपैकी एक उत्तर येते: विका, विकू नका, किंवा थांबा. 'थांबा' आल्यावर कामकाजाचे तीन दिवस गेले आणि पुढे काहीच कळले नाही, तर फेडरल कायद्याप्रमाणे विक्रेत्याला विक्री करता येते. 2015 साली चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ जणांना मारणाऱ्याला पिस्तूल मिळाले ते याच वाटेने. तिथे दोष तपासणी वेळेत पूर्ण न होण्याचा होता, कोणाच्या मौनाच्या हक्काचा नव्हे.

या तपासणीचे दोन भाग वेगळे करून पाहिले पाहिजेत. पहिला भाग म्हणजे संगणकातल्या नोंदी: कोर्टाचे निकाल, अटक वॉरंट, मनाई हुकूम. या नोंदी सरकारच्या आहेत. त्या चाळताना ग्राहकाकडून कोणी काही वदवून घेत नाही, म्हणून पाचव्या दुरुस्तीचा प्रश्नच येत नाही. भारतात राज्यघटनेचे कलम 20(3) वाचलेल्यांना हे ओळखीचे वाटेल. मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड या 1961 च्या खटल्यात 11 न्यायमूर्तींच्या पीठाने असाच भेद केला होता: बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे. फरक इतकाच की आपल्या कलमातले संरक्षण ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे अशा माणसाला आहे. अमेरिकेत ते कोणालाही, कुठल्याही सरकारी चौकशीत मागता येते, फक्त उत्तरातून फौजदारी कारवाईचा खरा धोका असला पाहिजे. उत्तर म्हणजे थेट कबुली नसली, तरी पुराव्याच्या साखळीतली एक कडी असली तरी पुरे.

दुसरा भाग म्हणजे फॉर्म 4473, आणि खरा वाद इथेच आहे. हा फॉर्म बंदुकांचे नियमन करणाऱ्या एटीएफ या फेडरल खात्याचा. ग्राहकाने तो दुकानात बसून स्वतः भरायचा आणि सही करायची. बंदूक तुम्ही स्वतःसाठीच घेताय का, एक वर्षाहून जास्त शिक्षा होऊ शकेल अशा गुन्ह्यात तुम्ही दोषी ठरला आहात का, तुमच्यावर तसा खटला चालू आहे का, घरगुती हिंसाचारात शिक्षा झाली आहे का, तुम्ही बेकायदा अमली पदार्थ घेता का, तुम्ही या देशात कोणत्या व्हिसावर आहात, असे प्रश्न त्यात असतात. भरलेला फॉर्म विक्रेत्याकडे राहतो. 2022 पासून नियम असा की धंदा चालू असेपर्यंत तो जपून ठेवायचा, आणि एटीएफला तो पाहता येतो.

'होय, मला शिक्षा झाली आहे' असे लिहिणारा माणूस गुन्हा कबूल करतो का? नाही. झालेली शिक्षा ही सार्वजनिक नोंद आहे, तिच्यासाठी पुन्हा खटला होत नाही. त्याने अजून बंदूक घेतलेली नाही. 'होय' लिहिले की विक्री थांबते, तो बाहेर पडतो. हेन्सला अशी वाट नव्हती.

न्यायालयांनी यासाठी दुसऱ्याच क्षेत्रातला एक खटला हाताशी ठेवला आहे आणि मला तो फार नेमका वाटतो. 1980 च्या दशकात कायदा आला की सैन्यभरतीसाठी नाव न नोंदवलेल्या तरुणाला कॉलेजसाठी सरकारी मदत मिळणार नाही, आणि अर्जाबरोबर 'मी नाव नोंदवले आहे' असे लिहून द्यावे लागेल. काही विद्यार्थी म्हणाले, हे आम्हाला गुन्हा कबूल करायला लावणे आहे. 1984 साली सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले: ज्याने नाव नोंदवलेले नाही त्याला आपण मदतीला अपात्र आहोत हे माहीत असते, मग अर्ज करायची त्याच्यावर सक्ती कुठे आहे? फॉर्म 4473 च्या बाबतीत शिक्षा झालेल्या माणसाची स्थिती नेमकी हीच आहे. जी वस्तू घ्यायची त्याला मुळात मनाई आहे, ती मागायला कोणी त्याला दुकानात ओढून नेलेले नाही.

इथे दुसऱ्या बाजूचा सर्वांत चांगला युक्तिवाद सांगितला नाही तर उत्तर अपुरे राहील. 'ऐच्छिक आहे' एवढे म्हणून प्रश्न नेहमीच मिटत नाही. 1967 साली गॅरिटी खटल्यात न्यायालयाने म्हटले की 'उत्तर द्या नाहीतर नोकरी जाईल' असे पोलिसांना धमकावून घेतलेले जबाब त्यांच्याविरुद्ध वापरता येणार नाहीत. हेन्सनंतर काही आठवड्यांतच सिमन्स खटल्यात हार्लन यांनीच लिहिले की एक घटनात्मक हक्क बजावण्यासाठी दुसरा सोडावा लागणे असह्य आहे. आणि 2008 च्या हेलर निकालापासून घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणे हा व्यक्तीचा घटनात्मक हक्क आहे. मग तो हक्क बजावायला आधी फॉर्मवर कबुली द्या, हे चालेल का?

शिक्षा झालेल्यांच्या बाबतीत याचे उत्तर सोपे आहे: उत्तरातून कबूल करण्यासारखे काही नाही, आणि कायद्याने तो हक्क त्यांच्यासाठी बंद केलेलाच आहे. अमली पदार्थांच्या प्रश्नाबाबत मात्र मला ते तितके सोपे वाटत नाही. 'होय, मी गांजा घेतो' हे उत्तर फेडरल कायद्यात खरोखरच एका गुन्ह्याकडे बोट दाखवते, कारण घेणारा तो कधीतरी जवळ बाळगतोच. राज्याने परवानगी दिली असली तरी फेडरल कायद्याला ती मान्य नाही, असा इशारा फॉर्मवरच छापलेला आहे. आजवर न्यायालये म्हणू शकत होती की गांजा घेणाऱ्याला बंदूक बाळगायला मनाई आहे, म्हणजे तो काही गमावत नाही. पण ही मनाईच बंदूक बाळगण्याचा हक्क देणाऱ्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत बसते का, यावर फेडरल अपील न्यायालयांत मतभेद झाले आणि ऑक्टोबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेमानी नावाच्या टेक्सासमधल्या आरोपीचे प्रकरण त्यासाठी सुनावणीला घेतले. अधूनमधून गांजा घेणाऱ्याला बंदुकीचा हक्क आहे असे जिथे ठरते, तिथे हा प्रश्न विचारणे म्हणजे हक्काच्या बदल्यात कबुली मागणे होते, आणि सिमन्समधला आक्षेप तिथे लागू होतो. फॉर्ममध्ये पाचव्या दुरुस्तीला खरोखर लागणारी जागा कुठली असे विचाराल, तर मी ही दाखवेन. 1968 सालच्या काँग्रेसने जसे माहिती न वापरण्याचे संरक्षण कायद्यात लिहिले, तसे या एका उत्तरासाठी लिहिले, तर सरकारचे काही बिघडत नाही आणि माणूस खरे उत्तर द्यायला धजेल, असे माझे मत आहे.

दुसरी अवघड जागा गहाण टाकलेल्या बंदुकीची, आणि ती फारशा कोणाच्या लक्षात येत नाही. गहाण ठेवलेली बंदूक सोडवून घेताना मूळ मालकालाही फॉर्म 4473 भरावा लागतो आणि बॅकग्राउंड चेक पार करावा लागतो. कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्डमध्ये हडलस्टन नावाच्या माणसाने 1971 मध्ये बायकोच्या तीन रायफली 25, 10 आणि 15 डॉलरला गहाण टाकल्या आणि पुढच्या वर्षी सोडवल्या. खात्यात पैसे नसताना धनादेश दिल्याबद्दल त्याला पूर्वी शिक्षा झाली होती, तरी फॉर्मवर त्याने 'नाही' लिहिले. सर्वोच्च न्यायालयाने 1974 साली त्याची शिक्षा कायम केली: गहाणातून सोडवणे म्हणजेही बंदूक मिळवणेच. आता पाहा, अशा माणसाने खरे लिहिले असते तर? त्याच दुकानात त्याच बंदुका त्यानेच आणून दिल्याची नोंद आहे. म्हणजे 'होय, मला शिक्षा झाली आहे' हे उत्तर 'गहाण टाकताना ही बंदूक माझ्या हातात होती, जी असायला नको होती' या जागी नेऊन पोचवते. इथे खरी कबुली संभवते. तरीही मार्ग आहे, महागडा पण कायदेशीर: सोडवायला जायचेच नाही, वस्तू गहाणदाराकडे राहू द्यायची. त्या रायफलींवर एकूण 50 डॉलर कर्ज होते. 50 डॉलरसाठी फेडरल शिक्षा झाली.

यातून मूळ मुद्दा निघतो, जो पक्षकाराला पहिल्या भेटीत सांगायचा असतो पण तो बहुधा फॉर्म भरल्यानंतरच माझ्याकडे येतो. पाचवी दुरुस्ती गप्प राहण्याचा हक्क देते. खोटे बोलण्याचा देत नाही, कधीच दिलेला नाही. 1969 च्या ब्रायसन खटल्यात न्यायालयाने म्हटले की प्रश्न विचारायचा सरकारला अधिकार होता की नाही हा वाद वेगळा, पण माणसाने उत्तर नाकारावे किंवा खरे द्यावे, जाणूनबुजून खोटे देऊन त्याला सुटता येणार नाही. त्याच दिवशीच्या नॉक्स खटल्यात तर सट्टेबाजीच्या कराचाच फॉर्म होता, ज्याबद्दल मार्केटीने संरक्षण दिले होते. नॉक्सने तो भरलाच नसता तर सुटला असता, खोटा भरला म्हणून खटला चालला. 1998 च्या ब्रोगन खटल्यात, तपास अधिकाऱ्याला नुसते 'नाही' असे खोटे उत्तर देणेही गुन्हाच आहे, हे न्यायमूर्ती स्कालिया यांनी पक्के केले.

म्हणून फॉर्म 4473 समोर असताना माणसाकडे तीन पर्याय असतात आणि त्यांतले दोन बहुतेक वेळा निर्धोक असतात. पेन खाली ठेवून निघून जाता येते. अर्धवट फॉर्मवर विक्रेता विकणार नाही, पण निघून जाणे हा गुन्हा नाही. खरे लिहून विक्री नाकारून घेता येते. तिसरा पर्याय खोटे लिहिण्याचा, त्याला विक्रेत्याची फसवणूक म्हणून 10 वर्षांपर्यंत आणि नोंदीत खोटे लिहिले म्हणून 5 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बंदूक मिळाली नाही तरी हा गुन्हा पूर्ण होतो, हे बहुतेकांना माहीत नसते.

असे खटले होतात किती, असा प्रश्न येतो. अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने 2018 मध्ये दिलेल्या आकड्यांप्रमाणे 2017 च्या आर्थिक वर्षात एफबीआयने सुमारे 1 लाख 12 हजार विक्री नाकारल्या, त्यांतल्या सुमारे 12,700 तपासासाठी एटीएफच्या कार्यालयांकडे गेल्या, आणि फेडरल सरकारी वकिलांनी खटले चालवले ते 12. हा आकडा पाहून कोणी निर्धास्त होऊ नये. खटला कोणावर होईल हे सांगता येत नाही, आणि पुढे दुसऱ्या कुठल्याही कारणाने माणूस नजरेत आला की तो जुना फॉर्म बाहेर निघतो. हंटर बायडन यांनी ऑक्टोबर 2018 मध्ये डेलावेअरमधल्या विल्मिंग्टनला एक रिव्हॉल्व्हर घेतले, अमली पदार्थांच्या प्रश्नाला 'नाही' लिहिले, आणि जून 2024 मध्ये ज्यूरीने त्यांना तिन्ही आरोपांत दोषी ठरवले. डिसेंबर 2024 मध्ये वडिलांनी, म्हणजे राष्ट्राध्यक्षांनी, माफी दिली. बाकीच्यांना असे वडील नसतात. शिवाय 2022 च्या एका कायद्याने विक्री नाकारल्यास एफबीआयने 24 तासांत स्थानिक पोलिसांना कळवायचे आहे.

नाकारल्यानंतर एटीएफचा माणूस घरी आला, तर तिथेही हाच नियम, पण एक जास्तीची काळजी घ्या. नुसते गप्प बसू नका, 'मला वकिलाशिवाय उत्तर द्यायचे नाही, मी पाचव्या दुरुस्तीचा हक्क मागतो' असे स्पष्ट बोला. ह्यूस्टनच्या एका खुनाच्या तपासात सॅलिनास नावाच्या माणसाला अटक न करता विचारले होते की घटनास्थळी सापडलेली काडतुसांची टरफले तुझ्या शॉटगनशी जुळतील का. तो गप्प झाला. ते मौन खटल्यात त्याच्याविरुद्ध मांडले गेले आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते चालवून घेतले, कारण हक्क मागतो असे तो म्हणालाच नव्हता. मला हा निकाल अन्यायाचा वाटतो, सामान्य माणसाला असा मंत्र ठाऊक असावा ही अपेक्षाच चूक आहे. पण आज कायदा तो आहे.

आता मेहुणे. त्यांच्या बाबतीत नागरिकापेक्षा एक धोका जास्त आहे. ग्रीन कार्ड असलेल्याला बंदूक घेता येते. एच-1बी किंवा विद्यार्थी व्हिसावरच्या माणसाला शिकारीचा वैध परवाना यांसारखे मोजके अपवाद सोडले तर मनाई आहे. म्हणजे व्हिसाच्या प्रश्नावर ते पात्र आहेत. गांजाच्या प्रश्नावर खोटे 'नाही' लिहिले तर फेडरल गुन्हा, आणि बंदुकीसंबंधी गुन्ह्यात दोषी ठरलेल्या परदेशी नागरिकाला देशाबाहेर काढता येते, मग ग्रीन कार्ड कितीही जुने असो. खरे 'होय' लिहिले तर विक्री थांबेल, तुरुंग बहुधा होणार नाही, पण अमली पदार्थाच्या गुन्ह्याची स्वतः दिलेली कबुली इमिग्रेशन कायद्यात शिक्षेशिवायही नडू शकते. भारतात येऊन परत जाताना विमानतळावर किंवा नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी ती पुढे येऊ शकते. म्हणून त्यांच्यासाठी सुरक्षित मार्ग एकच: फॉर्म न भरणे. न्यू जर्सीत तर त्याआधी पोलिसांकडे पिस्तूल खरेदीच्या परवान्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि तिथेही अमली पदार्थांबद्दल विचारतात, तेव्हा त्या अर्जापासूनच थांबावे. गांजा कालच सोडला म्हणून आज 'नाही' लिहिता येत नाही. सोडून बराच काळ जाऊ द्यावा, आणि अर्जाला हात लावण्याआधी इमिग्रेशन आणि फौजदारी दोन्ही समजणाऱ्या वकिलाला भेटावे.

बहिणीने स्वतःच्या नावावर घ्यायचे का? त्यांच्यासाठी म्हणून घ्यायचे असेल, तर मुळीच नाही. 2014 च्या अब्राम्स्की खटल्यात माजी पोलीस असलेल्या माणसाने काकांसाठी पिस्तूल घेतले होते. काका स्वतः बंदूक घ्यायला पात्र होते, पैसेही त्यांनीच दिले होते, तरी 'बंदूक स्वतःसाठी घेतो' हे उत्तर खोटे म्हणून शिक्षा कायम झाली. 2022 पासून मनाई असलेल्या माणसासाठी खरेदी करणे हा स्वतंत्र गुन्हाही आहे, 15 वर्षांपर्यंतचा. बहिणीला खरोखर स्वतःसाठी हवे असेल आणि ती पात्र असेल, तर घेऊ शकते, पण एकाच घरात राहताना ते मेहुण्यांच्या ताब्यात असल्यासारखे धरले जाऊ शकते. हात न लावताही. त्यामुळे तिजोरी हवी, तिचा आकडा फक्त बहिणीलाच माहीत हवा, आणि घरात गांजा असेपर्यंत मी तर तिलाही घेऊ नको असेच सांगेन.